लाइन लागली का?

“सातच्या आधी कोष्टी गल्लीत चित्र दिसलं पाहिजे. न्हाईतर मला गावात तोंड दाखवायची सोय ऱ्हाणार न्हाई,” असं म्हणून शेटेमालकांनी फोन टेबलावर पालथा ठेवला. पालथा ठेवला तरी तो थरथरतच होता.

“तुमचं तोंड कुणाला बघायचंय, मालक?” दारात बसून शिडीची दोरी आवळणारे मायाप्पामामा म्हणाले. “लोकास्नी बापूंचं तोंड बघायचंय.”

मालक हसले नाहीत. मी हसलो, पण तोंडावर मास्क असल्यामुळे ते कुणाला कळलं नाही.

ही गोष्ट इचलकरंजीतली. करोनाचं पहिलं वर्ष, जुलै महिना. टाळेबंदी हळूहळू सैल होत होती. दुकानं दिवसाआड उघडत होती, चहाच्या गाड्या अजून बंद होत्या, आणि गप्प पडलेले यंत्रमाग पुन्हा खडखडायला लागले होते. मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालो होतो. पुण्यात भिंगं बनवणाऱ्या एका कारखान्यात माझी नोकरी ठरली होती. त्यांनी एप्रिलमध्ये ‘तूर्त थांबा’ असं कळवलं, म्हणून मी शेटेमालकांच्या केबलच्या ऑफिसात आलो. त्यांना फायबरची तार जोडणारा माणूस हवा होता. जोडायचं मशीन त्यांनी नुकतंच घेतलं होतं आणि ते चालवणारा पोरगा टाळेबंदीत गावी निघून गेला होता. मी मशीनबरोबर आलेली पुस्तिका वाचून शिकलो. खरं सांगायचं तर मला ते काम आवडायला लागलं होतं. केसाएवढी बारीक काच. तिची दोन टोकं सरळ कापायची, समोरासमोर धरायची आणि ठिणगीनं वितळवून एक करायची. जोड नीट बसला की मधे जोड आहे हे प्रकाशालासुद्धा कळत नाही.

बाकी सगळं मामांचं. शिडी मामांची, खांब मामांचे, गल्लीतली कुत्री आणि माणसंही मामांची. ते माझ्या नात्यातले नव्हते. पन्नाशीचा माणूस, वीस वर्षं याच गावात केबल ओढत आलेला. मायाप्पा वाघमोडे हे नाव थोड्यांनाच माहीत होतं. गाव त्यांना ‘मिशीवाला केबल’ म्हणायचं. पण त्या जूनच्या शेवटी त्यांचे वडील वारले, आणि डोक्याच्या केसांबरोबर मिशीही गेली. घरातल्या सगळ्यांना ताप येऊन गेला होता. मामांचं अंगही निम्मं झालं होतं, शर्ट खांद्यावरून लोंबायचा.

“आरशात बघितलं की मलाच वाटतंय, कोण पाव्हणं आलंय,” ते म्हणायचे.

मी गाडी सुरू केली. मामा मागे बसले आणि त्यांनी शिडीच्या दोन पायऱ्यांमधून मान घालून ती खांद्यावर घेतली. आम्ही असेच फिरायचो. वळणावर शिडीचं टोक कुणाला लागू नये म्हणून मामा मागून “उजवीकडं... उजवीकडं” असं करत राहायचे.

“आज नवीन भाग हाय नव्हं?” मामांनी मागून विचारलं.

“हो. सात वाजता.”

“मग फोन वाजणारच की.”

‘माहेरची ओसरी’ ही मालिका टाळेबंदीत गावानं पाठ केली होती. शूटिंग बंद पडल्यामुळे वाहिनी जुनेच भाग फिरवून फिरवून दाखवत होती. निवृत्त पोस्टमास्तर बापू, त्यांच्या दोन सुना, शेजारची भांडकुदळ मावशी. रोज एक भांडण उठायचं, संध्याकाळी ओसरीवर बापू सुपारी कातरत ते मिटवायचे आणि सगळे हसायचे. त्या घरात कुणी मरत नव्हतं, कुणाची नोकरी जात नव्हती, कुणी मास्क लावत नव्हतं. लोक शेजारच्या घरातलं बोलावं तसं त्यांच्याविषयी बोलायचे. मामा तर मला, “बापू आसतं तर मालकास्नी दोन शब्दांत गप केलं आसतं,” असं अगदी गंभीरपणे सांगायचे.

त्या संध्याकाळी तीन महिन्यांनंतरचा पहिला नवा भाग होता, आणि त्याच दुपारी कोष्टी गल्लीची तार कुणीतरी तोडली होती.

कुणीतरी म्हणजे कोण, हेही गावाला ठाऊक होतं. कारखाने कुलपात असताना तांब्याचे चोर माजले होते. मागांच्या मोटारी फोडायच्या, आतली तांब्याची तार ओढून काढायची आणि भंगारात विकायची. कोष्टी गल्लीतल्या विलास तारळेकरच्या चारही मोटारी त्यांनी अशाच पोकळ केल्या होत्या. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मागांची दुरुस्ती करून त्यानं स्वतःचे चार जुने माग घेतले होते. आता कारखाने उघडले, तर त्याच्यावर पुन्हा दुसऱ्याच्या शेडमध्ये कामाला जायची पाळी आली होती. हे चोर आमच्या ताराही तोडत. आमच्या तारेत तांबं नाही, काच आहे. पण चोराला ते तोडल्यावर कळतं.

“मागल्या आठवड्यात पलीकडच्या गल्लीत एका भंगारवाल्याला खांबाला बांधून मारला,” मामा म्हणाले. “चोर हुता का न्हाई, द्येव जाणे. कानातनं रगात येईस्तोवर मारला.”

“पोलीस?”

“पोलीस मास्क न लावणाऱ्यास्नी धरत्यात, बाबा.”

वाटेत एका वाड्याच्या भिंतीवर आमचीच जुनी मेलेली केबल लोंबत होती. मामांनी गाडी थांबवायला लावली, ती ओढून काढली, विळखा करून पिशवीत घातला. ही जुनी केबल मात्र तांब्याची असते. फायबर टाकत गेलो तशी ती ठिकठिकाणी नुसती लोंबत राहिली होती, आणि मामा ती जाता-येता गोळा करायचे. मालकांना ते माहीत होतं. आमच्या धंद्यात ती रीतच आहे.

गल्लीत पोचलो तेव्हा साडेसहा वाजून गेले होते. पाऊस नव्हता, पण आभाळ भरून आल्यामुळे उजेड मंदावला होता. दोन्ही बाजूंना मागांच्या शेड आणि शेडवर माणसांची घरं. सगळे माग चालू होते. ज्यानं यंत्रमागाची गल्ली ऐकली नाही त्याला तो आवाज सांगता येणार नाही. शंभर माणसं पत्र्यावर एकदम हातोडे मारताहेत असं काहीतरी. शेजारी उभ्या माणसाशी बोलायचं तर त्याच्या कानाला तोंड लावावं लागतं. एरवी मामा गल्लीत शिरतानाच “केबलवाला आलाय रं!” अशी आरोळी ठोकायचे. त्या दिवशी ठोकली नाही. ठोकून कुणाला ऐकू गेली असती? रस्त्यावर कुणीच नव्हतं. बाप्ये शेडमध्ये, बाया वर.

मामांनी खांबावर बोट दाखवलं. तार वरच्या जोडणीच्या डबीच्या अगदी जवळ तोडली होती. खाली आणून जोडण्याइतकी लांबी उरली नव्हती, म्हणजे मशीन गळ्यात अडकवून वरच काम करावं लागणार होतं. खांब गटारीला लागून होता. गटारीवर शहाबादी फरशी होती, तिच्यावर शेवाळ. दुसरीकडे शिडी टेकवायला जागाच नव्हती. मामांनी मास्क हनुवटीखाली ओढला, पायानं फरशी घासली, शिडीचे पाय त्यातल्या त्यात कोरड्या जागी रोवले, दोन्ही हातांनी शिडी धरली आणि मान हलवून मला वर जायची खूण केली.

मी चढलो. वर पोचल्यावर कमरेचा पट्टा खांबाभोवती अडकवला, मागे रेललो आणि हात मोकळे केले. समोरच्या घराची पहिल्या मजल्यावरची खिडकी माझ्या अगदी समोर होती. आत टीव्हीचा निळा पडदा आणि त्यापुढे दोन मुलं. खिडकीशी एक बाई उभी होती, पदराला हात पुसत. मला बघून तिचा चेहरा उजळला. तिनं आतल्या टीव्हीकडे बोट केलं. मी मान हलवली. तिनं मुलांना काहीतरी सांगितलं आणि मुलं सरकून पडद्याच्या आणखी जवळ बसली.

मी तारेचं आवरण सोललं. आत सहा रंगांचे कोअर, म्हणजे काचेचे धागे, असतात. गल्लीचा टीव्ही निळ्यावर होता. तो वेगळा काढला, स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायला घेतला, आणि पायाखाली शिडी हादरली.

वाटलं, मामा पाय बदलताहेत. पुन्हा हादरली, म्हणून खाली बघितलं.

वरून माणसं ओळखू येत नाहीत, नुसती डोकी आणि खांदे दिसतात. मामांच्या टकलाभोवती तीन डोकी होती. त्यातला एक, बनियन घातलेला, मामांच्या तोंडापुढे हात नाचवत होता. मामांनी उजवा हात शिडीवरून काढला आणि वर माझ्याकडे केला. हा वर आहे, काम चाललंय, असं काहीतरी सांगत असावेत. बनियनवाल्यानं तो हात झटकला आणि मामांच्या थोबाडीत मारली.

आवाज नव्हता. ते सगळं मुकं होतं, आणि त्यावर मागांचा खडखडाट.

दुसऱ्यानं मामांच्या खांद्यावरची पिशवी हिसकली आणि उलटी केली. पकड, कटर, चिकटपट्टी, आणि शेवटी केबलचा तो विळखा फरशीवर पडला. बनियनवाल्यानं तो उचलला, टोक दातांनी सोललं आणि बघितलं. तांबं होतं.

तो बनियनवाला विलास तारळेकर होता, हे मला नंतर कळलं. तो वळून शेडमध्ये गेला आणि हातात काठी घेऊन बाहेर आला. मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्याला टोला देणारी जी लाकडी काठी असते, ती. हातभर लांब, घट्ट लाकडाची, तेल पिऊन काळी झालेली.

“मामा!” मी ओरडलो. “ओ! केबलवाले आहोत आम्ही! केबलवाले!”

माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही. मास्क खाली ओढला आणि पुन्हा ओरडलो. एकानंही मान वर केली नाही.

पहिली काठी मामांच्या पाठीवर बसली. शिडी ॲल्युमिनियमची होती. खालचा टोला तिच्यातून सरळ माझ्या तळपायात आला. डोळ्यांनी बघितल्यावर जे कळायला वेळ लागला असता, ते पायांना आधी कळलं. मामा वाकले, पण पडले नाहीत. त्यांनी दोन्ही हातांनी शिडीच्या दांड्याला मिठी मारली आणि डोकं दोन दंडांमध्ये घातलं.

पळा की, मी मनात म्हणत होतो. मामा, पळा. गल्लीचं उजवं तोंड मोकळं होतं. त्या गावातला प्रत्येक बोळ त्यांना ठाऊक होता. पिसाळलेल्या कुत्र्यापुढे ते कसे पळतात हे मी एकदा पाहिलं होतं.

मी खिडकीतल्या बाईकडे वळलो. दोन्ही हातांनी खाली दाखवलं. “वहिनी! खाली बघा! सांगा त्यांना, मारू नका म्हणावं!” तिच्या खिडकीखाली पत्र्याची मोठी पडवी होती. तिला खालचं काही दिसत नव्हतं. तिनं कानाला हात लावला, मग माझ्या हातवाऱ्यांचा आपल्यापरीनं अर्थ लावला, रिमोट उचलला, बटण दाबून बघितलं आणि ‘अजून नाही’ अशी मान हलवली. तिच्या ओठांवरून मला कळलं, ती विचारत होती: लाइन लागली का?

दुसरी काठी. तिसरी.

खाली उतरावं असं पहिल्यांदा वाटलं. मग वाटलं, उतरून काय करणार? मी नवखा पोरगा, मला त्या गल्लीत कोण ओळखत होतं? पाचव्या पायरीवर असतानाच मला ओढून घेतलं असतं आणि एकाऐवजी दोन चोर झाले असते. शिडी मी हलवली तर मामांचं काय होईल, हेही कळत नव्हतं. मी जे ओरडून सांगत होतो ते सांगायचा एकच मार्ग माझ्या हातात होता, अक्षरशः हातात. ही निळी काच जोडली तर वर प्रत्येक घरात टीव्ही लागेल. चोर टीव्ही लावून देत नाही. दोन मिनिटांचं काम. मी स्वतःला म्हणालो, दोन मिनिटं.

पुसलेलं टोक काच कापायच्या कटरमध्ये ठेवलं, खटका दाबला. दुसरं टोक कापलं. दोन्ही मशीनच्या खाचेत बसवली, झाकण लावलं. छोट्या पडद्यावर ती दोन टोकं जाडजूड खांबांसारखी दिसतात. डावं टोक तिरपं कापलं गेलं होतं. मशीननं लाल अक्षरांत नकार दिला.

खाली त्यांनी काठी थांबवली होती. आता दोघं मामांना शिडीपासून ओढत होते. एकानं कमरेला धरलं होतं, दुसरा मागून गळपट्टीला. मामांचा शर्ट टरकन फाटला असणार. मला दिसली ती नुसती उघडी पाठ आणि तिच्यावर उठलेले काळे-लाल पट्टे. ते सुटत नव्हते. विलासनं काठी उभी धरली आणि तिच्या बोथट टोकानं, दाराला पाचर ठोकावी तशी, मामांच्या बोटांवर मारली. शिडीच्या दांड्यावर असलेल्या बोटांवर. एकदा, मग परत. ते टोले वेगळे होते. आधीचे जाड, बुजलेले. हे बारीक, स्पष्ट, धातूचे. माझ्या टाचांमध्ये ते एकेक करून मोजल्यासारखे आले.

मी पुन्हा तार सोलली. काच घाईतल्या बोटांचं ऐकत नाही. मी कोपरं बरगड्यांना दाबून धरली, श्वास रोखला. पुसलं. कापलं. खाचेत ठेवलं, झाकण लावलं. पडद्यावरचे दोन खांब एकमेकांकडे सरकले, थांबले, मशीननं विचार केला, आणि मध्ये पांढरी ठिणगी उडाली. दोन खांबांचा एक खांब झाला.

मी खिडकीकडे बघितलं. निळा पडदा काळा झाला. मग त्यावर ओसरी आली.

त्याच वेळी माग थांबायला लागले.

सात वाजता मालिकेसाठी माग अर्धा तास बंद करायचे, ही त्या गल्लीची टाळेबंदीनंतरची नवी रीत होती. मला ती माहीत नव्हती. शेवटच्या शेडमधला आवाज आधी गेला, मग त्याच्या अलीकडचा, मग समोरचा. कुणी कानातला कापूस काढत जावं तसा खडखडाट सुटत गेला, आणि गल्लीत अशी शांतता पडली की मला प्रथमच खालचा आवाज ऐकू आला. मामा ओरडत नव्हते. ते घशातून, बैल ओझं ओढताना करतो तसा, एकसारखा आवाज काढत होते. त्या आवाजावर प्रत्येक घरातून ‘माहेरची ओसरी’चं गाणं सुरू झालं. बासरी आणि टाळ.

“केबलवाले आहोत आम्ही,” मी म्हणालो. ओरडायची गरज उरली नव्हती. “ते मायाप्पा आहेत. मिशीवाले.”

विलासनं वर बघितलं. तोंड उघडं, काठी हातात. मग त्यानं मामांच्या टकलाकडे बघितलं.

“अवो,” वरच्या खिडकीतून त्या बाईनं हाक मारली, “लागलं बघा! या की वर, सुरू झालं.”

कमरेला धरणाऱ्यानं हात काढला. तो माझ्याकडे न बघता, मामांकडे न बघता, जिन्याच्या दारात शिरला. त्याच्या मागोमाग दुसराही गेला. वरून कुणीतरी मोठ्यानं हसलं. मावशीचा पहिला संवाद झाला असणार. विलास तेवढा उभा राहिला.

“मिशी कुटं गेली?” तो मलाच विचारत होता.

“वडील वारले त्यांचे.”

मी पट्टा सोडवला आणि उतरलो. शिडी जराही हलली नाही. मामा अजून तिला बिलगून उभे होते, गाल दांड्याला टेकलेला, डोळे मिटलेले. दोन्ही हातांची बोटं दांड्याभोवती होती, पण ती बोटांसारखी दिसत नव्हती. मी त्यांच्या कानाशी गेलो.

“मामा, सोडा आता.”

त्यांनी सोडलं नाही.

“मामा, मी आहे. मी खाली आलो.”

त्यांनी डोळे उघडले. मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. मग हात आपोआप सुटले आणि ते माझ्या अंगावर आले.

त्यानंतरचं थोडक्यात सांगतो. विलासनंच रिक्षा आणली. दवाखान्याच्या दारात सांगितलं, आधी करोनाची तपासणी, रिपोर्ट आल्याशिवाय हाताला हात लावणार नाही. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आला. तोवर मामा व्हरांड्यातल्या बाकावर, दोन्ही हात उशीवर ठेवून, बसल्या बसल्या झोपत होते. डॉक्टर म्हणाले, पाठ बरी होईल. सात बोटं मोडलीत, आणि वेळ गेलाय. त्याच दिवशी सकाळी फाटकाबाहेर विलास आणि त्याची बायको डबा घेऊन उभी होती. खिडकीतली तीच. रखवालदारानं त्यांना आत सोडलं नाही. विलासनं डबा फाटकाच्या सळ्यांमधून मला दिला.

“मिशी आस्ती तर वळखलं आस्तं की,” तो म्हणाला. हे तो त्या दिवशी तीनदा म्हणाला.

मामांनी तक्रार दिली नाही. शेटेमालक द्या म्हणाले, मीही म्हणालो. मामा म्हणाले, “त्येच्या चार मोटारी गेल्यात. आनी काय न्यायचं त्येचं?” मला माझा राग तेव्हा गिळता आला नाही. खरं तर अजूनही येत नाही.

ऑगस्टच्या शेवटी पुण्याच्या कारखान्याचं बोलावणं आलं. निघायच्या आदल्या संध्याकाळी मी मामांच्या घरी गेलो. एक खोली, पुढे पत्र्याची पडवी. मामी चुलीशी होत्या. मामा खाटेवर पाय वर घेऊन टीव्ही बघत होते. प्लास्टर काढलं होतं. बोटं सरळ राहिली होती, वळत नव्हती. काट्याचमच्यासारखी दिसत होती. मिशी परत आली होती, पण पांढरी.

“बस, सायंटिस्ट,” ते म्हणाले. “बापूंनी आज सुनंला लई चांगलं सुनवलं.”

मी बसलो. मामींनी चहा दिला. मामांची कपबशी त्यांनी स्वतःच्या हातांनी मामांच्या ओठांना लावली. मामा लाजले, माझ्याकडे न बघता फुरक्या मारल्या. जाहिराती लागल्या तेव्हा मी विचारलं. इतके दिवस विचारायचं होतं.

“मामा, तुम्ही पळाला का नाहीत?”

“कवा?”

“त्या दिवशी. गल्ली मोकळी होती. पहिली काठी बसली तेव्हाच पळाला असता तर त्यांच्या हाताला लागला नसता.”

“आन् शिडी?”

मी त्यांच्या बोटांकडे बघितलं.

“खाली फरशी कसली हुती, बघितलीस न्हवं? साबणासारखी. मी सोडली आसती तर शिडी गेलीच आसती. एवढ्या उंचीवरनं खाली आला आसतास, डोस्कं फुटलं आसतं. तुझ्या आईला काय सांगायचं मी? तिनं मला फोन करून सांगितलंतं, पोराला संबाळा म्हणून.” मामी चुलीकडे तोंड करून बसल्या होत्या, त्यांचा हात थांबला. “सोडा म्हनत हुती भाडखाऊ. मी म्हनलं, तोडा हात.”

माझ्या हातातला चहा निवत चालला होता.

कमरेचा पट्टा मी जूनमध्येच घेतला होता. एकदा शिडीवरून पाय सटकल्यावर. मामांना पट्ट्यांचं हसू यायचं, “म्हशीला बांधत्यात दावं,” म्हणायचे, म्हणून मी तो सदऱ्याखाली बांधायचो आणि वर पोचल्यावर गुपचूप खांबाला अडकवायचो. खालून तो दिसत नसे. त्या संध्याकाळीही तो अडकवलेला होता. त्याची दोरी दोन माणसांचं वजन पेलेल असं त्यावर छापलेलं होतं. शिडी निसटली असती तर मी खांबाला लोंबलो असतो. खरचटलं असतं. फार तर खांदा निखळला असता.

मामा माझ्याकडे बघत होते. “खोटं हाय का? पडला आसतास का न्हाई?”

“पडलो असतो,” मी म्हणालो. “मेलोच असतो, मामा.”

“मग?” ते समाधानानं म्हणाले आणि भिंतीला टेकले. मामींनी चुलीत लाकूड सारलं. जाहिराती संपल्या होत्या. मामांनी हनुवटीनं रिमोट दाखवला.

“आवाज जरा वाढीव. ती मावशी काय बोलती ते ऐकू येत न्हाई.”

मी आवाज वाढवला.